ऑरमुंडची वाट

रविवारी सकाळी मृणाल मासळी घेऊन घरी आली तेव्हा प्रशांत हॉलमध्ये मांडी घालून बसला होता आणि त्याच्याभोवती वायरींचा पसारा पडला होता. बाळकुमच्या एका सोसायटीतला सातव्या मजल्यावरचा ब्लॉक मृणालचा. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या रक्त तपासणी विभागाची ती प्रमुख होती. लग्न केलं नव्हतं, आणि आता कुणी विचारतही नव्हतं. धाकटा भाऊ प्रशांत घटस्फोटानंतर थोडे दिवस म्हणून राहायला आला, तो तिथलाच झाला. आठवडाभर तो कोलशेतच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुने कॉम्प्युटर गेम धुंडाळून, ते खेळता खेळता त्यांचे व्हिडिओ बनवायचा. बघणारे फार नव्हते. पण जे होते ते जिवाला जीव देणारे होते.

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ठोकळ्या-ठोकळ्यांनी काढलेलं चित्र होतं. करड्या रंगाची नदी, काठाला एक नाव आणि नावेपाशी भाला घेऊन उभा असलेला पहारेकरी. मृणालच्या हातातल्या पिशवीतून सुरमईचं पाणी फरशीवर टपटपत राहिलं.

“ऑरमुंड,” ती म्हणाली.

त्यांचे वडील शिवराम कल्याणजवळ मोहन्याला रेयॉनच्या कंपनीत होते. कंपनीच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, तेव्हा त्यातला एक त्यांनी हातगाडीवर घालून घरी आणला. सोबतच्या खोक्यात काही फ्लॉप्या होत्या, त्यातच हा गेम निघाला. कुणाचा होता, कुणी ठेवला, कुणालाच माहीत नव्हतं. खेड्यातला एक पोरगा ऑरमुंडच्या किल्ल्यावर जायला निघतो, किल्ल्यातल्या मांत्रिकाला मारून राजाच्या मुलीला सोडवायचं, एवढीच गोष्ट. माऊस नव्हता. ‘दार उघड’, ‘कुऱ्हाड घे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाइप करायचे. मृणालचं इंग्रजी बरं म्हणून टाइप ती करायची, आणि प्रशांत खुर्चीची पाठ धरून मागे उभा राहून काय करायचं ते सांगायचा. चाळीतली पोरं दारात गर्दी करायची. गेम मात्र कसायाच्या काळजाचा. चुकीच्या फांदीला हात लावला तर पोरगा फासावर, चुकीच्या विहिरीत डोकावला तर बुडून मेला. मेला की पडदा लाल व्हायचा आणि खाली एक ओळ यायची: तुझी वाट इथे संपली, मागे जायचं का? मग ‘हो’ म्हणायचं आणि जिथे शेवटचं जतन केलं असेल तिथून पुन्हा जिवंत. दोघं किल्ल्यापर्यंत कधी पोचलेच नाहीत. त्याआधी कॉम्प्युटरच मेला.

“फ्लॉप्या आईकडे माळ्यावर पडलेल्या,” प्रशांत सांगत होता. “कल्याणला एकाने लॅपटॉपवर उतरवून दिल्या. चल ना ताई, तू टाइप कर.”

मासळी ओट्यावर तशीच राहिली. खाली इस्त्रीचं दुकान चालवणारा गोपीनाथ मध्येच कपडे द्यायला आला, तोही दारात उभा राहून दोन मिनिटं बघत राहिला आणि पहारेकऱ्याला लाच दे म्हणाला. मृणालने तसं करून बघितलं. पहारेकऱ्याने नाणं घेतलं, खिशात टाकलं आणि भाला पोराच्या गळ्यातून आरपार घातला. त्या वेडगळ चित्रातही ते फार नीट काढलेलं होतं. भाल्याचं टोक मानेच्या मागून निघाल्यावर पोराचे हात एकदा दांड्याकडे गेले, मग खाली आले. पडदा लाल झाला. गोपीनाथ हसत निघून गेला. मृणालला मासळीची आठवण झाली, आणि लॅपटॉप तसाच सोडून ती उठली.

जेवण तयार होत आलं तेव्हा सोलकढीला कोथिंबीर नाही असं लक्षात आलं. प्रशांत चपला अडकवून खाली गेला.

तिने बाल्कनीतूनच बघितलं. कोलशेत रोडच्या बाजूने लोखंडी सळ्या भरलेला टेम्पो येत होता, सळ्या मागे हातभर बाहेर आलेल्या. नेहमीचंच दृश्य. प्रशांत टेम्पोच्या मागून रस्ता ओलांडायला निघाला. पुढे काहीतरी आडवं आलं असावं. टेम्पो थांबला आणि चालकाने तो एकदम मागे घेतला.

ती खाली कशी पोचली ते तिला नंतर आठवेना. सळई प्रशांतच्या गळ्यातून जाऊन मानेच्या मागून निघाली होती आणि त्या सळईच्या आधारानेच तो उभा होता. कुणीतरी टेम्पो पुढे घ्या म्हणून ओरडत होतं. तिने घेऊ दिला नाही. तिला माहीत होतं, सळई निघाली की सगळंच निघेल. तिने दोन्ही हात त्याच्या गळ्यावर दाबून धरले आणि तिच्या बोटांमधून गरम रक्त ठोक्याठोक्याने येत राहिलं. आयुष्यभर तिने रक्त नळीतून पाहिलेलं, मापात. प्रशांत तिच्याकडे बघत होता. त्याचे हात एकदा सळईकडे गेले, मग खाली आले.

हॉस्पिटलात फक्त मृत्यू नोंदवायचं काम उरलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत शेजारच्यांनी तिला घरी आणून सोडलं, पाणी दिलं, आईला कसं कळवायचं याची चर्चा करायला ते बाहेर पॅसेजमध्ये गेले. मृणाल हॉलमध्ये उभी होती. लॅपटॉप सुरूच होता. लाल पडदा आणि ती ओळ. काही विचार करून तिने ते केलं असं म्हणता येणार नाही. घरात दिवा चालू राहिला तर आपण बटण दाबतो, तसं तिने ‘हो’चं बटण दाबलं.

“ताई, कोथिंबीर नाहीये गं,” प्रशांत स्वयंपाकघरातून म्हणाला. “जाऊन आणू?”

तव्यावर सुरमई चरचरत होती. बाहेर दुपारचं ऊन होतं. तिच्या कुडत्यावर एक डाग नव्हता. ती धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली. जाऊ नकोस एवढंच बोलली, आणि तिचा चेहरा बघून प्रशांत खरंच थांबला. तेवढ्यात खालून आवाज आला. ब्रेकचा, मग माणसांचा. दोघंही बाल्कनीत गेले. टेम्पोच्या मागे गोपीनाथ उभा होता. इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं त्याच्या हातातून सुटून रस्त्यावर उलगडलं होतं. सळई त्याच्या गळ्यातून आरपार गेली होती.

डुलकी लागली, स्वप्न पडलं, माणसाला कधी कधी पुढचं दिसतं म्हणतात तसं काहीतरी झालं, असं मृणालने स्वतःला समजावलं. तिला समजावता येत होतं. फक्त नखांच्या कडांत काळपट काहीतरी अडकलं होतं. मासळी साफ करताना गेलं असेल. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने ते सुईने खरवडून काचेवर घेतलं. माशाच्या रक्तपेशीला मध्ये केंद्रक असतं, माणसाच्या पेशीला नसतं. पहिल्या वर्षाची पोरंही हे ओळखतात. भिंगाखाली ती केंद्रक शोधत राहिली. एकाही पेशीत नव्हतं. ती काच तिने धुतली नाही, फोडून टाकली.

प्रशांतला तिने काही सांगितलं नाही. हा गेम बंद कर, मला आवडत नाही, इतकंच म्हणाली. तो हसण्यावारी नेत म्हणाला, की आधीच लोक पुढचा भाग मागतायत.

पुढच्या रविवारी ती आईकडे मोहन्याला गेली. शांताबाई एकट्याच राहायच्या. मुलांनी हजारदा बोलावलं तरी मोहने सोडायला तयार नव्हत्या. त्या चहा टाकत होत्या आणि शेजारणीच्या सुनेचं काहीबाही सांगत होत्या, तेव्हा प्रशांतचा फोन आला. तो खुशीत होता. नदी ओलांडली म्हणाला, पहारेकऱ्याला पाण्यात ढकलायचं होतं, एवढं सोपं आपल्याला कधी सुचलं नाही.

“मग आता पलीकडच्या रानात कुत्रे आहेत. खाल्लं मला. काय काढलंय गं ते, आतडी वगैरे. आता पाव आणायला उतरलोय, वर गेलो की बघतो.”

“प्रशांत, वर जा,” ती म्हणाली. “आत्ता. मागे फिर.”

“अगं गल्लीतच आहे मी. थांब एक मिनिट. हे इथले नाहीयेत कुत्रे.”

त्यानंतरचं तिने कानाने ऐकलं. आधी गुरगुर, कमी आवाजात, अनेक गळ्यांतून एकदम. मग हाड्, हाड्. मग फोन पडल्याचा आवाज. फोन पडला, पण बंद झाला नाही. प्रशांत आधी तिला हाक मारत होता, मग आईला, मग कुणालाच नाही. कापड फाटल्यासारखा आवाज बराच वेळ येत राहिला. शांताबाई चहाचा कप पुढे धरून विचारत होत्या, काय झालं, काय म्हणतोय तो.

मोहन्याहून बाळकुमला रिक्षाने येताना तिला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. कल्याण मागे पडलं, भिवंडीची गोदामं आली, कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकली. या खेपेला स्वप्न म्हणायची सोय नव्हती. वर जाऊन ती ओळ दिसली तर आपण काय करणार हे तिला माहीत होतं, आणि ते केल्यावर काय होतं हेही माहीत होतं. गोपीनाथला दोन मुलं होती. त्याची बायको आता इस्त्रीची टपरी बंद करून गावी गेली होती. मृणालने या सगळ्याचा नीट विचार केला. एखादा नमुना दोनदा तपासावा तसा केला. रिक्षा खाडीचा पूल ओलांडून बाळकुमला उतरली तरी तिचं मन बदललं नाही.

गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी चादर टाकली होती. चादर माणसाच्या मानाने फार सपाट दिसत होती. ती थांबली नाही.

खालच्या मजल्यावरची करिश्मा तिच्यामागून जिना चढत आली. बँकेत नोकरी करणारी, बोलकी मुलगी. गल्लीतल्या कुत्र्यांना रोज सकाळ-संध्याकाळ तीच खायला घालायची. ओरडा ऐकून पहिली तीच धावली होती, फरशी पुसायच्या काठीने कुत्र्यांना मारत. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत फाटले होते, वरून कुणीतरी टॉवेल गुंडाळले होते, दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. ती रडत होती.

“ताई, मला नाही सोडवता आलं त्याला. मी खूप मारलं त्यांना. नाही सोडवता आलं.”

मृणाल लॅपटॉपसमोर खुर्चीत बसली. पडदा लाल होता. करिश्मा मागे येऊन उभी राहिली आणि टॉवेलमधला आपला हात तिने मृणालच्या खांद्यावर ठेवला. टॉवेल ओला होता. त्याची ऊब कुडत्यातून आत आली.

त्याच्या जागी कोण ते आपल्याला ठरवता येत नाही, मृणालने मनाशी म्हटलं. आपण फक्त मागे जातो.

तिने बटण दाबलं.

खांद्यावरचं वजन गेलं.

मोहन्याच्या घरी गॅसवर जुन्या पातेल्यात चहा उकळत होता. शांताबाई शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत होत्या. फोन मृणालच्या कानाला होता.

“पाव तू येताना आणशील का?” प्रशांत म्हणत होता. “कंटाळा आलाय उतरायचा.”

“आणते,” ती म्हणाली. “तू घरातच थांब.”

“हो.” मग जरा वेळाने, “थांब, खाली काहीतरी चाललंय. कुत्रे आहेत. ताई, करिश्मा आहे गं ती.”

तिने फोन ठेवला नाही. सातव्या मजल्यावरून येणारा तो आवाज तिने शेवटपर्यंत ऐकला. एवढं तरी आपण करिश्माचं देणं लागतो, असं तिला वाटलं. कापड फाटल्यासारखा आवाज. आईने दिलेला चहा ती प्याली.

घरी आल्यावर तिने प्रशांतला सगळं सांगितलं. ते त्याने खरं मानलं की नाही ते कळलं नाही. पण तिने लॅपटॉप मिटून कपाटात घातला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, तेव्हा त्याने अडवलं नाही. व्हिडिओ बनवणं त्याने सोडून दिलं.

पावसाळा आला. त्या वर्षी त्यांच्या समोरच्या ब्लॉकमधले राघोकाका गेले. निवृत्त शिक्षक, एकटेच राहायचे, मृणालला कधी पुस्तकं आणून द्यायचे. माजिवड्याच्या पुलाखाली डंपरने फरफटत नेलं त्यांना. ओळख पटवायला मृणालच गेली होती. कपड्यांवरून पटवावी लागली. मग गणपती झाले, दसरा झाला. हळूहळू तिला रात्री झोप लागायला लागली. सकाळी आरशात बघताना आपण बऱ्या दिसतोय असंही एकदा वाटलं.

हिवाळ्यात एके दिवशी तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती दुपारीच घरी आली. हॉलचे पडदे ओढलेले होते. प्रशांत ऑफिसला गेलेला नव्हता. तो टेबलाशी बसला होता, समोर लॅपटॉप होता, आणि चित्रात बर्फातून चढत जाणारी एक वाट होती. वाटेच्या टोकाला पहिल्यांदाच किल्ल्याचे बुरूज दिसत होते.

ती स्वयंपाकघरात गेली, पाट्यावरचा दगडी वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि परत आली. तिने तो डोक्यावर घेतला होता तेव्हा प्रशांतने उठून तिची मनगटं धरली. झटापट झाली. तिने त्याला चावा घेतला; दातांखाली रक्ताची चव आली तरी त्याने हात सोडले नाहीत. वरवंटा सुटून त्याच्या पायावर पडला, अंगठ्याचं हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. तो विव्हळलासुद्धा नाही.

“फोडू नकोस,” तो म्हणाला. “मग तुला परत कसं आणू?”

तिने मनगटं सोडवून घेतली.

“तुला काय वाटलं, मी एकटाच जातो?” त्याचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणू विचारावं तसा. “ज्याला आणतात त्याला आठवत नाही, ताई. मला ते कुत्रे आठवत नाहीत. तुला पावसाळा आठवत नाही.”

“कसला पावसाळा?”

“कपाटात ठेवला म्हणून गेम थांबत नाही. तो पोरगा तिथे उभाच असतो ना वाटेवर. नुसता उभा राहिला तरी काहीतरी येतंच. माजिवड्याला तुला ओळखायला मी गेलेलो. केसांवरून ओळखलं. मग घरी येऊन कुलूप तोडलं, तर पडदा लाल.”



“राघोकाका,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

त्यानंतरही? असं तिने विचारलं, म्हणजे ओठ हलवले. तो मोडलेला पाय उचलून स्टुलावर ठेवत होता. अंगठा निळा पडायला लागला होता. त्यानंतरही, तो म्हणाला. दिवाळीच्या आधी एकदा, लॅबच्या लिफ्टमध्ये. नंतर एकदा घरातच, याच खोलीत. ते तो सांगणार नाही. म्हणून आता त्याने कपाटाची दुसरी किल्ली करून घेतली आहे आणि तो रोज खेळतो, जपून, एक एक पाऊल. किल्ला गाठला की संपेल, बहुतेक.

“आणि त्या वेळी माझ्या जागी कोण गेलं?”

“सुरुवातीला चौकशी करायचो,” प्रशांत म्हणाला. “तू करू नकोस. नाव कळलं ना, की जेवण जात नाही. नावं विचारायचीच नाहीत.” मग त्याने बाजूची खुर्ची ओढून तिच्यापुढे केली. “तू टाइप केलंस की आपण कमी मरतो. बस ना.”

 बाहेर बांधकामाचा आवाज येत होता, कुकरची शिट्टी होत होती, नेहमीची दुपार होती. मग तिने केस मागे बांधले आणि खुर्चीत बसली. बोटं कीबोर्डवर ठेवली. वाट कुठून वळते आहे ते नीट बघून घेतलं.

दाराची बेल वाजली.

बाहेर एक तरुण बाई उभी होती, हातात झाकलेली वाटी आणि पदराला धरून उभी असलेली छोटी मुलगी. समोरच्या ब्लॉकमध्ये सकाळीच राहायला आलोय, म्हणाली, सामान अजून लागायचंय, पण पहिला शिरा शेजारी द्यायचा असं सासूबाईंनी सांगितलंय. तिने वाटी मृणालच्या हातात दिली. मुलगी मृणालकडे बघून हसली. तिचा पुढचा एक दात पडला होता.

“लाजतेय बघा,” बाई म्हणाली. “सांग ना मावशीला, तुझं नाव काय?”

मुलीने तोंड उघडलं.

“माझा गॅस चालू आहे,” मृणाल म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

दाराला पाठ लावून ती तशीच उभी राहिली. पलीकडे ते नाव सांगून झालं असावं. बाई हसत काहीतरी बोलत होती. मृणालने कानावर हात ठेवायला हवा होता, पण दोन्ही हात गुंतलेले होते. वाटी चांगलीच गरम होती.